सवलतीचा जुना लॅपटॉप : हिशेब कसा करावा?

दिवाळी जवळ आली की दुकानांच्या दारांवर सवलतीच्या पाट्या झळकू लागतात, आणि मागील पिढीचा लॅपटॉप निम्म्या किमतीत मिळवून देतो, असे सांगणारी मंडळीही पेढीवर येऊ लागतात. वहीखाते संगणकावर गेल्यापासून हा मोह आपणांपैकी बहुतेकांस कधी ना कधी झालाच असेल. आम्हांस तो २०२३ साली झाला आणि आमची चूक झाली. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आम्ही घेतलेल्या वापरलेल्या यंत्रावर ‘इंटेल कोअर आय-५’ अशी पट्टी होती. शेजारच्या नव्या यंत्रावरही तीच पट्टी पाहून आम्ही दोन्ही माल एकच समजलो. धान्य घेताना पोत्यावरील शिक्क्यावर न विसंबता मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहणारे आम्ही, येथे मात्र शिक्क्यावरच भाळलो! वास्तविक, नावापुढील आकडा वाचणे अगत्याचे होते. ७२००यू म्हणजे सातवी पिढी, ८२५०यू म्हणजे आठवी, १२३५यू म्हणजे बारावी. (२०२३ च्या अखेरीस कंपनीने नावांची पद्धत बदलली, त्या नंतरच्या यंत्रांस हा नियम जसाच्या तसा लावू नये.) २०१६ च्या ७२००यू मध्ये गणना करणारे गाभे, ज्यांस बाजारात ‘कोर’ म्हणतात, ते दोन, २०१७ च्या ८२५०यू मध्ये चार, आणि २०२२ च्या आय-३ १२१५यू मध्ये सहा. अर्थात नव्यातील ‘आय-३’ हा जुन्या ‘आय-५’ ला सहज मागे टाकू शकतो.

परंतु वेग कमी असणे हा लहान दोष होय. खरी गोष्ट आयुर्मर्यादेची. विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठवी वा त्यापुढील पिढी लागते, आणि विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात आणि ज्यात गिऱ्हाइकांची उधारी नोंदलेली असते, त्यास अशा स्थितीत इंटरनेटशी जोडून ठेवणे म्हणजे तिजोरीस कुलूप न लावता घरी जाणे होय. आमचे यंत्र सातव्या पिढीचे निघाले.

आता हिशेब पाहू. छापील किमतीवरील सूट मनातून काढून टाकावी. राहिलेल्या वर्षांनी किमतीस भागावे. समजा, नवे यंत्र जीएसटीसह ४७,२०० रुपयांस आहे. बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घातल्यास १८ टक्क्यांप्रमाणे भरलेले ७,२०० रुपये नोंदणीकृत व्यापाऱ्यास वजा मिळू शकतात (कंपोझिशन योजनेतील बंधूंस नाही). उरले ४०,०००, सहा वर्षे चालल्यास वर्षाला सुमारे ६,६७० रुपये. उलट २८,००० चे वापरलेले यंत्र घेऊन ३,५०० ची बॅटरी घातली आणि ते तीन वर्षे चालले, तर वर्षाला १०,५०० रुपये! शिवाय जुन्या मालाचे विक्रेते पुष्कळदा केवळ नफ्याच्या रकमेवर कर भरतात. अशा बिलावर खरेदीदारास कराची वजावट मिळेलच असे नाही.

याचा अर्थ मागील पिढी नेहमीच टाकाऊ, असा मात्र नव्हे. एकदोन वर्षांपूर्वीचे, न विकलेले, सीलबंद यंत्र नव्याच्या *चालू बाजारभावापेक्षा* चौथ्या हिश्शाने स्वस्त मिळत असेल, तर हिशेबाच्या कामास आम्ही तेच पसंत करू. मात्र हमीचा काळ कधीपासून धरला आहे, हे यंत्राच्या क्रमांकावरून कंपनीकडे विचारावे. गोदामात पडून राहिलेली बॅटरीही झिजते. रॅम निदान ८ जीबी, शक्य तर १६ असावी. कित्येक पातळ यंत्रांत ती जडवलेली असल्याने मागाहून वाढविता येत नाही. साठवणीस एसएसडी हवीच.

आमचे ते यंत्र आता गोदामात आहे. इंटरनेटची जोडणी काढून त्यावर मालाच्या चिठ्ठ्या तेवढ्या छापतो, आणि ते काम ते चोख करते.