घरात स्वाहिली, चुओत अरबी, शाळेत इंग्रजी : पूर्व आफ्रिकेतली मुलं भाषा कशी शिकतात?

किताबू, हबारी, दुनिया, रफिकी, दावा. यातले बहुतेक शब्द तुम्हाला न सांगताच कळले असतील. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत त्यांचे अर्थ पुस्तक, बातमी, जग, मित्र आणि औषध असेच आहेत. अरबांशी झालेल्या व्यापारातून आणि इस्लामच्या प्रसारातून हे शब्द तिथे रुजले. भाषेचं व्याकरण मात्र अस्सल आफ्रिकी, म्हणजे बांटू कुळातलं.

घर ही पहिली शाळा

झांझिबारमधलं मूल भाषेसोबत अदबही शिकतं. मोठ्यांना 'शिकामो' म्हणायचं, मग मोठे 'मराहाबा' म्हणतात. कोडं घालणारा 'किटेंडाविली' म्हणतो, ऐकणारे 'तेगा' म्हणतात, म्हणजे 'लाव सापळा'. उत्तर सुचलं नाही, तर त्याला एखादं गाव 'द्यावं' लागतं, तेव्हाच तो उत्तर सांगतो. खेळता खेळता मूल शब्द, गावांची नावं आणि चारचौघांत बोलणं शिकतं.

कुरआन शिकायला मुलं 'चुओ'त, म्हणजे मदरशात जातात. तिथे अरबी अक्षरं येतात. एकेकाळी स्वाहिलीही याच लिपीत लिहिली जायची. पाटे बेटावरच्या म्वाना कुपोना यांनी सुमारे १८५८ मध्ये आपल्या मुलीला उपदेश करणारं दीर्घकाव्य रचलं, तेही याच लिपीत उतरवलं गेलं. वसाहतींच्या काळात शाळांमध्ये रोमन लिपी आली. आज मुलाला अरबी अक्षरं वाचता येतात, पण पणजीच्या काळची स्वाहिली हस्तलिखितं वाचायला सहसा कुणी शिकवत नाही.

खरी अडचण कुठे?

टांझानियाच्या मुख्य भूमीवर सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालतात आणि माध्यमिक शाळेत एकदम इंग्रजी सुरू होतं. कालपर्यंत भराभर उत्तरं देणारं मूल गप्प होतं. शिक्षक समजावतात स्वाहिलीत, पेपर मात्र इंग्रजीत. मग न कळताच पाठांतर होतं. तरी पालकांना इंग्रजी हवंच असतं, कारण नोकरीचा रस्ता तिथूनच जातो. त्यांची काळजी खोटी नाही.

पण इंग्रजी विषय म्हणून नीट शिकणं वेगळं आणि अर्धवट इंग्रजीतून गणित-विज्ञान शिकणं वेगळं. घरच्या भाषेत विचार पक्का झाला, की दुसरी भाषा सोपी जाते.

युनेस्कोने ७ जुलै हा जागतिक स्वाहिली दिन ठरवला आहे. मान मिळाला, हे चांगलंच. पण भाषा टिकते ती घरात. संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून कुणीतरी 'किटेंडाविली' म्हणायला हवं, आणि 'तेगा' म्हणणारी मुलंही हवीत.