आधी द्रुत, मग विलंबित

गेल्या रविवारी सकाळी चहा टाकला आणि फोनवर तोडी लावली. ॲपची आवृत्ती फुकटातली. चहाला उकळी यायच्या आत द्रुत तीनताल दणक्यात सुरू! ताना संपल्या, मग चॉकलेटची जाहिरात झाली आणि त्यानंतर तेच बुवा विलंबित एकतालात शांतपणे षड्ज लावताहेत. विडा खाऊन झाल्यावर पानात वरणभात वाढावा, तसं. आधी गायच्या संथ बड्या ख्यालाचा एक तुकडा, मागून येणाऱ्या जलद छोट्याचा दुसरा. शफल चालू होतं आणि ॲपच्या लेखी ती दोन सुटी 'गाणी' होती.

माध्यमानं गाण्याला कात्री लावणं हे काही आजचं नाही. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं कोलकात्याच्या एका हॉटेलात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. तेवढ्यात गाणं उरकून शेवटी बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून. आज ज्याला मेटाडेटा म्हणतात, तो तेव्हा गाणाऱ्याच्या तोंडून यायचा.

आपल्याकडे रात्र-रात्र चालणाऱ्या संगीत नाटकांतली, वन्समोअर घेत घेत फुलणारी पदंही याच मापात बसली. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर रेकॉर्ड द्यायला फारशा राजी नसत. तरी 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या तबकडीवर भारतातर्फे आहे ती त्यांचीच भैरवी, साडेतीन मिनिटांची. तेव्हा आखूड म्हणजे वाईट, असं म्हणायची सोय नाही. पण तीन मिनिटांचं ते बंधन उघड होतं आणि सगळ्यांना सारखं होतं. शिवाय तबकडी ऐकणाऱ्याकडे टक लावून बघत नव्हती.

आज सर्व्हरवर अख्खी रात्रभराची मैफल मावते. जागेचा प्रश्न मिटला, कात्री आता हिशेबाकडे आली. स्पॉटिफाय या ॲपवर गाणं 30 सेकंद वाजलं की ते एकदा 'ऐकलं' गेलं असं धरतात. वर्गणी आणि जाहिरातींचा पैसा एकत्र होतो आणि त्यातला कलावंतांचा वाटा एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात गाण्यांच्या हक्कदारांकडे जातो. म्हणजे 40 मिनिटांचा दरबारी आणि 35 सेकंदांची धून, दोन्हींच्या खात्यावर एकेकच खूण. 2014 साली व्हल्फपेक या अमेरिकन बँडनं याची मस्त फिरकी घेतली. अर्ध्या मिनिटाहून किंचित लांब असे दहा तुकडे, सगळे पूर्ण निःशब्द! झोपताना हे लावून ठेवा, असं त्यांनी चाहत्यांना सांगितलं. कंपनीनं तो अल्बम काढून टाकेपर्यंत शांततेचे जवळपास 20 हजार डॉलर जमले होते. 2024 पासून तर वर्षभरात किमान हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला या वाट्यातून काहीच मिळत नाही. हौशी मंडळींचे, दुर्मीळ बंदिशींचे पैसे तिथेच थांबले.

यानंतर येते शिफारस. तिचं मूळ तत्त्व आपल्या वाण्यालाही ठाऊक होतं: पोहे नेणारा शेंगदाणेही नेतो. तुमच्यासारखं ऐकणारे लाखो लोक आणखी काय ऐकतात हे यंत्र पाहतं आणि ते तुमच्यापुढे ठेवतं. स्पॉटिफायनं 2014 मध्ये 'एको नेस्ट' ही कंपनी विकत घेतली, ती गाण्याची लय, जोर, नाचण्याजोगेपणा असलं सगळं आकड्यांत मांडणारी. पुढच्या वर्षीपासून दर सोमवारी तीस गाण्यांची खास तुमची यादी येऊ लागली. तुम्ही काय शेवटपर्यंत ऐकलंत आणि काय मध्येच पुढे ढकललंत, याची नोंद होत राहते. हक्कदारांनी मानधनाचा काही हिस्सा सोडला तर गाणं जास्त लोकांपुढे नेऊ, अशीही कंपनीची एक योजना आहे. दुकानदाराकडे दर्शनी फळी मिळवण्याचा हा जुनाच व्यवहार.

याचा परिणाम गाणं बांधताना दिसतो. चित्रपटगीताची सुरुवातीची सुरावट हे एकेकाळी संगीत संयोजकाचं स्वतःचं अंगण असे. व्हायोलिनचा ताफा, मग बासरी, मग कुठे मुखडा. आता त्या अंगणात अंगठा उभा असतो, स्किप दाबायला टपलेला. म्हणून मुखडा दारातच येतो, अंतरा एखादाच उरतो, आणि रीलला कोणता तुकडा लागेल हे चाल बांधतानाच ठरतं. मला खटकतो तो आखूडपणा नव्हे, ही घाबरट घाई. रागाचं पहिलं अर्धं मिनिट काहीच न घडण्यासाठी असतं. तानपुरा लागतो, खोली शांत होते, गवई घसा साफ करतो.

याच ॲपनं मला कधी न ऐकलेल्या जुन्या गायिकाही भेटवल्या, हे नाकबूल करणं कृतघ्नपणा होईल. पण त्या भेटल्या त्या मी एक नाव स्वतः टाइप केलं म्हणून. तेव्हा आज दुपारी जेवणानंतर एक करा. यादी सुचवू देऊ नका. गवयाचं नाव आपल्या हातानं लिहा, शफल बंद करा आणि विलंबित आधी लावा.