सेल्फ थांबवा, धूर पाहा

शिडाच्या छोट्या होडीचं डिझेल इंजिन सुरू झालं नाही की हात आपोआप पुन्हा किल्लीकडे जातो. सेल्फ मारायचा, थोडं थांबायचं, परत मारायचा. वारा पडलाय आणि ओहोटीची ओढ खडकांकडे आहे, अशा वेळी ही घाई समजण्यासारखी आहे. पण होडीच्या इंजिनाला ती मानवत नाही. दोष कुठे आहे हे पहिल्या एक-दोन प्रयत्नांतच कळू शकतं, पाहणाऱ्याने नीट पाहिलं तर. त्यानंतरच्या प्रयत्नांतून नवं काही कळत नाही, उलट नुकसानीचीच भीती वाढते.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या इंजिनाचं तत्त्व आजही बदललेलं नाही. ठिणगी टाकायला स्पार्क प्लग नाही. हवाच इतकी दाबायची की तिच्या उष्णतेने इंधन पेटावं. होडीतल्या छोट्या इंजिनात हवा साधारण विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि तिचं तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जातं. मात्र हे व्हायला पिस्टन वेगाने वर यावा लागतो. तो रेंगाळला तर उष्णता थंड लोखंडात मुरते आणि दाबही पिस्टनच्या रिंगांमधून निसटतो. म्हणून सेल्फचा आवाज आधी ऐकावा. तो जड, कण्हल्यासारखा असेल तर सगळे बॅटरीला दोष देतात. पण खाऱ्या हवेत बॅटरीइतकाच संशय तिच्या जोडांवर घ्यायला हवा. स्टार्टर दोनशे अँपिअर ओढत असेल, तर हिरवट गंज चढलेल्या एका टर्मिनलचा ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोधही बारापैकी दोन व्होल्ट गिळतो. चारशे वॉट त्या सांध्यातच जळतात, त्यामुळे सेल्फ सोडल्यावर तो हाताला कोमट लागतो. नवी बॅटरी घालून हा दोष जाणार नाही.

सेल्फ जोमात फिरतोय, तरी इंजिन पेटत नाही? मग एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मागे वाकून एक्झॉस्टच्या तोंडाकडे पाहावं. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, उष्णता कमी पडतेय. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. एक्झॉस्टमधून पाणीही पडतं, मग वाफ आणि धूर ओळखायचे कसे, असं कोणी विचारेल. थंड इंजिनात वाफ होतच नाही, आणि न जळलेलं डिझेल पाण्यावर रंगीत तवंग धरतं. धूर नसताना आधी इंजिन बंद करायची दोरी ओढलेलीच राहिली नाही ना, हे बघावं; हसू येईल, पण हे वरचेवर घडतं. मग टाकीचा कॉक, मग फिल्टर. टाकीत साचलेल्या पाण्यावर जिवाणू वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ लाटांनी ढवळून नेमका फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टर बदलला की लाइनमध्ये एअर शिरते. डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून पंपाचा दाब इंजेक्टरपर्यंत जसाच्या तसा जातो. हवेचा बुडबुडा मात्र स्वतःच दबतो आणि इंजेक्टर उघडतच नाही. ट्रॅक्टरची एअर काढणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको: स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस जाऊन निव्वळ डिझेल आलं की आवळायचा.

‘चौथ्या-पाचव्यांदा होतं की सुरू,’ हा आक्षेप खोटा नाही. प्रत्येक फेरीत सिलिंडर थोडा तापतो, एखादा बुडबुडा पुढे सरकतो. जमिनीवर ही सवय खपून जाते. होडीत मात्र सेल्फबरोबर समुद्राचं पाणी ओढणारा पंपही फिरतो. इंजिन चालू असताना ते पाणी धूर बाहेर ढकलतो. इंजिन पेटलंच नाही तर ते सायलेन्सरमध्ये साचतं आणि चढत चढत एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. एक-दोन प्रयत्न फसले की तळाचा पाण्याचा कॉक बंद करूनच पुढचा सेल्फ मारावा, आणि इंजिन धरताक्षणी तो उघडावा, कारण पंपातला रबरी इंपेलर कोरडा फार वेळ टिकत नाही.