शिवण : काम की छंद?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आईला म्हटले, "आई, मला शिवण शिकायचंय. छंद म्हणून." आई मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "छंद? आम्ही त्याला काम म्हणतो गं."

तिचे बरोबरच होते. शेजारपाजारचे ब्लाऊज आणि साड्यांचे फॉल-बिडिंग यांतूनच माझ्या फीचे पैसे उभे राहिले आहेत. पण माझेही अगदीच चूक नव्हते. ज्या शिवणकामाला काल-परवापर्यंत नाके मुरडली जात होती, तेच आज अनेक तरुण मुलेमुली हौसेने शिकत आहेत. हे कसे घडले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

शिवणयंत्राचा इतिहास पोटापाण्याच्या भांडणानेच सुरू होतो. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये ती यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवू लागली. आपली भाकरी जाणार, या भीतीने १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने कारखान्यात शिरून ती मोडून टाकली. पुढे अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली आपापल्या यंत्रांची पेटंटे घेतली. सिंगरच्या कंपनीने ते हप्त्याने विकण्यास आरंभ केल्यावर ते सामान्य घरांत पोचले. आपल्याकडे १९३०च्या दशकात कोलकात्यास 'उषा' यंत्रे तयार होऊ लागली. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शांतिनिकेतनच्या एका विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. माणसाचे कष्ट हलके करणारे यंत्र त्यांना वर्ज्य नव्हते.

या यंत्राची युक्ती मोठी गमतीची आहे. हाताने धावदोरा घालताना अख्खी सुई कापडातून आरपार जाते, कारण तिचे नेढे मागच्या टोकाला असते. यंत्राच्या सुईचे नेढे टोकापाशीच असते. ती खाली जाते आणि वर येताना कापडाखाली दोऱ्याचा लहानसा फास सोडते. खालची आकडी तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवते. वरचा आणि खालचा दोरा असे एकमेकांत अडकतात आणि टीप पडते. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा हवा. वरचा सैल पडला की खालच्या बाजूला नुसती जाळी होते. माझ्या पहिल्या आठवड्याची कमाई म्हणजे अशी जाळीच होती!

मग एवढी सोय घरात असताना शिवणकाम मागे का पडले? उत्तर सोपे आहे. तयार कपडे स्वस्त झाले. ब्लाऊज सोडले तर कापड आणून शिवून घेणेच महाग पडू लागले. रुखवतात मिरवलेली यंत्रे कव्हराखाली गेली. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला काज-बटण केले, तेवढाच सुईशी आमच्या पिढीचा संबंध उरला.

वारे फिरू लागले ते गेल्या दहा-बारा वर्षांत. इंग्लंडमध्ये २०१३ साली बी.बी.सी.ने हौशी शिवणाऱ्यांची 'द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी' ही दूरदर्शन-स्पर्धा सुरू केली. त्याच वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात तयार कपड्यांचे कारखाने होते. अकराशेहून अधिक माणसे, बहुतेक शिवणकाम करणारे कामगार, त्यात मेली. आपल्या अंगावरचा स्वस्त सदरा कोण शिवते, हा प्रश्न त्यानंतर जगभर विचारला जाऊ लागला. पुढे २०२० साली टाळेबंदी आली आणि मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला. तेव्हा घरोघरच्या यंत्रांवरची कव्हरे निघाली. आपल्या बचत गटांतील बायकांनीही ढिगाने मुखपट्ट्या शिवल्या. कित्येकांच्या हाती सुई प्रथम आली ती त्या दिवसांत, आणि मग ती सुटली नाही.

मला वाटते, शिवणाची सक्ती संपली म्हणूनच त्याची हौस निर्माण झाली. आजीने गोधडी शिवली, कारण थंडी होती आणि जुनी लुगडी फेकून देण्याजोगी ऐपत नव्हती. आज आपण गोधडी शिवतो ती आवड म्हणून. हा फरक विसरून चालणार नाही. नाहीतर आपल्या हौसेचे कौतुक होते आणि आजीचे कष्ट तसेच दुर्लक्षित राहतात.

पण छंदाचा एक फायदा मला अनुभवाने कळला. एक साधा कुर्ता शिवायला मला चार संध्याकाळी लागल्या. बाही मुंढ्याला उलटी जोडली गेली. ती उसवून पुन्हा लावताना डोळ्यांत पाणी आले. आई शांतपणे म्हणाली, "उसवल्याशिवाय शिवण येत नाही."

त्यानंतर एकदा एक काकू ब्लाऊज न्यायला आल्या. "नुसत्या बाह्या तर सैल करायच्या होत्या, दहा रुपये कमी करा," म्हणाल्या. एरवी अशा वेळी मी संकोचाने आत निघून जात असे. त्या दिवशी मी तिथेच थांबले आणि म्हणाले, "काकू, बाही उसवून पुन्हा बसवायची म्हणजे माझी अख्खी संध्याकाळ जाते." आईने माझ्याकडे डोळे वटारले. काकूंनी मात्र पूर्ण पैसे दिले.

आता सुट्टीत साड्यांचे फॉल मीच लावते. पहिल्या फॉलचे पैसे आईने माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणू लागले, तर ती म्हणाली, "ठेव. काम केलंस ना?"