फ्लॉपीवरच्या पहिल्या 1024 बाइट्समध्ये असं काय होतं, की त्याशिवाय अमिगा कॉम्प्युटर सुरूच व्हायचा नाही?

कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं फक्त एक चित्र, फ्लॉपी धरलेला हात. ना आयकॉन, ना मेनू. आज असं झालं तर आपण थेट दुरुस्तीवाल्याकडे पळू. पण कमोडोर कंपनीच्या अमिगा 500 साठी हे रोजचंच होतं. मशीन ठणठणीत आहे, त्याला फक्त फ्लॉपी हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

1987 साली आलेला हा घरगुती कॉम्प्युटर ब्रिटन आणि जर्मनीत तुफान चालला. बहुतेकांच्या घरी त्याला हार्ड डिस्क नसायची. आत 256 केबीची एक रॉम चिप होती आणि तिच्यात 'किकस्टार्ट' नावाचा सिस्टीमचा गाभा. बाकी सगळं फ्लॉपीवर. त्याच्या आधीच्या अमिगा 1000 चं तर विचारूच नका, तिथं किकस्टार्टसुद्धा फ्लॉपीवरूनच चढवावं लागायचं!

पण कुठलीही फ्लॉपी टाकून चालत नसे. ती 'बूटेबल' लागायची. म्हणजे नेमकं काय?

अमिगाची साडेतीन इंची फ्लॉपी 880 केबीची. तिच्यावर 512 बाइट्सचे छोटे छोटे कप्पे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. त्यातले पहिले दोन मिळून होतो बूटब्लॉक, म्हणजे जेमतेम 1024 बाइट्स. फ्लॉपी आत गेली की किकस्टार्ट आधी तेवढंच वाचतो. सुरुवातीला 'डीओएस' ही अक्षरं आहेत का ते पाहतो, मग सगळ्या आकड्यांची बेरीज ठरल्याप्रमाणे जुळते का ते तपासतो. जुळली, की तिथला प्रोग्रॅम चालवायला घेतो. नाही जुळली, की पुन्हा तोच हात.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांनी पीसीसाठी 'फॉरमॅट'पुढे 'स्लॅश एस' लावून बूट फ्लॉपी बनवली असेल. अमिगावर ते काम 'इन्स्टॉल' या कमांडचं. नाव मोठं, पण काम एकच, नेहमीचा बूटब्लॉक फ्लॉपीवर लिहून देणं.

यात एक गंमत होती. इन्स्टॉल कमांड रॉममध्ये नव्हती, ती वर्कबेंच नावाच्या सिस्टीम फ्लॉपीवर असायची. ड्राइव्ह एकच असेल तर कमांड टाइप करताच ती ड्राइव्हमधल्या वर्कबेंचवरच चालायची, नवी फ्लॉपी टेबलावर तशीच! म्हणून जाणकार लोक इन्स्टॉलपुढे प्रश्नचिन्ह टाकायचे. मग कमांड मेमरीत यायची आणि 'ड्राइव्ह कुठला?' म्हणून थांबायची. तेवढ्यात फ्लॉपी बदलायची आणि मग ड्राइव्हचं नाव द्यायचं. साधी युक्ती, पण माहीत नसेल तर डोक्याला ताप.

एवढं करून फ्लॉपी बूट व्हायची, पण हाती यायचा नुसता प्रॉम्प्ट. त्यावर काही टाइप करावं तर कमांडच सापडायची नाही, कारण कमांडच्या फाइली फ्लॉपीवर नव्हत्याच. त्यासाठी 'सी' नावाच्या फोल्डरमध्ये लागतील तेवढ्या कमांड कॉपी करायच्या आणि 'एस' फोल्डरमध्ये 'स्टार्टअप-सिक्वेन्स' नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवायची. सुरू झाल्यावर काय काय चालवायचं ते त्या फाइलमध्ये ओळीनं लिहायचं. झाली तुमची स्वतःची बूट फ्लॉपी.

आता खरी मेख. किकस्टार्ट अक्षरं बघतो, बेरीज बघतो, पण तो प्रोग्रॅम कुणी लिहिलाय हे बघत नाही. 1987 च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या एका टोळीचा 'एससीए' व्हायरस नेमका याच दारातून शिरला. तो बूटब्लॉकमध्येच राहायचा, बेरीजही बरोबर जुळवायचा. एकदा चालला की मेमरीत ठाण मांडायचा आणि रीसेट केलं तरी तिथून हलायचा नाही. पुढची फ्लॉपी टाकून रीसेट केलं, की तिच्यावर स्वतःची प्रत लिहून मोकळा. एक गेम संपला की दुसरी फ्लॉपी टाकून रीसेट करायचं, ही तर घरोघरची सवय. व्हायरसला पसरायला आणखी काय हवं? दर पंधराव्या प्रतीला तो 'तुमचा अमिगा जिवंत झालाय' अशा अर्थाचा मजकूर स्क्रीनवर दाखवायचा.

फाइली मात्र तो पुसत नसे. मग नुकसान कुणाचं झालं? तर विकत घेतलेल्या गेम्सचं. अनेक गेम कंपन्या बूटब्लॉकमध्ये स्वतःचा खास प्रोग्रॅम ठेवायच्या. व्हायरसनं त्यावर स्वतःला लिहिलं की गेम कायमचा गेला. साध्या फ्लॉपीवर इन्स्टॉल चालवून बूटब्लॉक पुन्हा स्वच्छ करता यायचा, पण अशा गेमच्या फ्लॉपीवर तेही कामाचं नव्हतं, कारण मूळ प्रोग्रॅम परत कुठून आणणार? आणि साफसफाईच्या आधी मशीन पूर्ण बंद करून थोडा वेळ थांबणं गरजेचं होतं, नाहीतर मेमरीतला पाहुणा पुन्हा हजर.

आज हौशी मंडळी फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी 'गोटेक' बसवतात आणि पेनड्राइव्हवरच्या 'एडीएफ' फाइलीतून अमिगा सुरू करतात. ही फाइल म्हणजे फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल, एकूण 9,01,120 बाइट्स. पहिले 1024 तेच. मूळ फ्लॉपीला लागण झाली असेल तर फाइलमध्ये व्हायरसही जसाच्या तसा येतो. त्यामुळे जुनी फाइल मिळाली की आधी बूटब्लॉक तपासलेला बरा.

खरी फ्लॉपी वापरत असाल तर तिच्या कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून भोक उघडं ठेवा. मग ड्राइव्ह तिच्यावर काही लिहीतच नाही. ही अडवणूक हार्डवेअरमधली आहे, तिथं कुठल्याच व्हायरसची डाळ शिजत नाही.