पांढरा उंदीर घरात आणावा का?

गेल्या काही महिन्यांत दवाखान्यात एक नवाच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. ‘डॉक्टर, पोरगा पांढरे उंदीर पाळायचे म्हणून हटून बसलाय. काही रोगबिग तर होणार नाही ना?’ पूर्वी लोक कुत्र्याबद्दल विचारत, फार तर पोपटाबद्दल. (आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) आता मुले मोबाइलवर हाताच्या खुणेवर नाचणारे, नाव घेतले की धावत येणारे उंदीर पाहतात, आणि पुण्यामुंबईहून येणारा मामा पुठ्ठ्याच्या खोक्यातून जोडी घेऊन हजर होतो. आजी कपाळाला हात लावते. घरात एकीकडे उंदीर मारायचे औषध आणायचे आणि दुसरीकडे उंदराला शेंगदाणे चारायचे, हे तिला पटत नाही. तिचे अगदीच चुकते असेही नाही.

आजीच्या मनात प्लेग असतो. १८९६ साली मुंबईत सुरू झालेल्या प्लेगने आपल्याकडची गावेच्या गावे रानात झोपड्या बांधून राहिली. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावाचे आणि पाठोपाठ सुरतेचे नाव वर्तमानपत्रांत आले, तेव्हा लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. पण प्लेग पसरतो तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या स्वच्छ उंदराकडून प्लेग होईल ही भीती बाळगायचे कारण नाही. धास्ती घ्यायची तर दुसऱ्याच गोष्टींची घ्यावी, आणि त्या फारशा कुणाला ठाऊक नसतात.

आधी प्राणी कोणता ते नीट समजून घेऊ. दुकानात ‘पांढरा उंदीर’ म्हणून दोन वेगळे प्राणी मिळतात. एक अगदी लहान, वीस-तीस ग्रॅमचा. तो भित्रा असतो आणि हातात फारसा रमत नाही. दुसरा मोठा, पाव किलोपासून अर्धा किलोपर्यंत भरणारा, लांब शेपटीचा. प्रयोगशाळांत असतो तो हाच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातील विस्टार संस्थेने १९०६ च्या सुमारास तयार केलेला त्याचा वाण आजही जगभर औषधांच्या चाचण्यांसाठी वापरला जातो. हा मोठा उंदीर खरोखर हुशार आणि माणसाळणारा असतो. माणूस ओळखतो, खांद्यावर बसतो. मुलांना त्याचा लळा लागतो तो उगाच नाही. मात्र माळ्यावर सापडलेले घरउंदराचे किंवा शेतातल्या उंदराचे पिल्लू दूध पाजून वाढवायचा उद्योग कुणी करू नये. तो रानटी जीव आहे. त्याच्या लघवीतून काय काय येईल याचा भरवसा नाही.

आता रोगांकडे वळतो. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आपल्याकडे भातखाचरांत राबणाऱ्या कोकणातल्या माणसाला सांगायला नको. २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली, त्यानंतर या तापाने अनेकांचे बळी घेतले. दुकानातला उंदीर आला तेव्हा निरोगी असला, तरी पिंजरा कुठे ठेवता यावर पुढचे अवलंबून असते. पुष्कळ घरांत तो रात्री पडवीत किंवा मागच्या अंगणात ठेवतात. पिंजऱ्यातले दाणे खायला बाहेरचे उंदीर येतात, जाळीवर लघवी करून जातात, आणि महिनाभरात आपला पाळीव उंदीरही जंतू बाळगू लागतो. शिवाय उंदराच्या वासाने साप येतो, तो वेगळाच. तेव्हा पिंजरा घरातच हवा, पण स्वयंपाकघरात नको आणि झोपायच्या खोलीत तर नकोच.

दुसरा आजार उंदीर चावल्याचा ताप. आठवडाभर ताप, उलट्या, मग गुडघे आणि घोटे दुखू लागलेले, अशा अवस्थेत सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आणला होता. तळहातांवर आणि तळपायांवर बारीक पुरळ होते. टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू, सगळे तपासून झाले होते. रिपोर्टांची जाडजूड फाइल आईच्या हातात होती. तळहातावरचे पुरळ पाहून मी घरात कुठला प्राणी आहे का विचारले. आई नाही म्हणाली. दारात उभी असलेली आजी मात्र म्हणाली, ‘ते पांढरं जनावर आहे की! डसलं नव्हतं का त्याला दसऱ्याला?’ जखम केव्हाच भरून आली होती, म्हणून कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केले, पेनिसिलीन सुरू झाले आणि मुलगा बरा झाला.

या आजाराची गंमत, खरे तर धोका, इथेच आहे. चावल्यानंतर साधारण तीन ते दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही, ताप येतो. आपल्या आशिया खंडात या आजाराचा आणखी एक प्रकार आढळतो. त्यात भरलेली जखम पुन्हा सुजते आणि काखेत किंवा जांघेत अवधाण येते. औषध साधे आहे, पेनिसिलीन. पण उपचारच झाला नाही तर दहातला एक रुग्ण दगावू शकतो. नेहमीच्या रक्ततपासणीत हा जंतू सहसा सापडत नाही. डॉक्टरला सुचायला हवे, आणि त्याला सुचावे म्हणून तुम्ही सांगायला हवे. चावा घेतला नसला, तरी नखाचा ओरखडा किंवा उंदराच्या तोंडाला तोंड लावणे एवढेही पुरते. मुलांना पापा घ्यायची सवय असते, ती मोडावी.

तिसरी गोष्ट दम्याची. माझ्या मते ‘आणू की नको’ हा निर्णय बहुतेक घरांत इथेच व्हायला हवा. उंदराच्या लघवीत काही प्रथिने असतात. लघवी वाळली की ती भुशाच्या धुळीबरोबर हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. प्रयोगशाळांत उंदरांची देखभाल करणाऱ्या कामगारांना यामुळे दमा जडतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. घरात कुणाला बाळदमा असेल, पंप चालू असेल, सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागत असेल, तर उंदीर आणू नका. ‘थोडे दिवस बघू’ असेही म्हणू नका. थोड्या दिवसांत मुलाला उंदराचा लळा लागतो, मग घरातून हलवणार कोण?

पाच वर्षांच्या आतले मूल, गरोदर बाई, किडनी बदललेला किंवा कॅन्सरची औषधे घेणारा रुग्ण घरात असेल, तरीही माझा सल्ला नको असाच आहे. प्रगत देशांत सगळे आलबेल असते असे समजू नये. २०१७ साली अमेरिकेत पाळीव उंदरांपासून सोल व्हायरस नावाचा, किडनीला इजा करणारा विषाणू सतरा माणसांना लागला होता. ते उंदीर दिसायला ठणठणीत होते.

एवढे ऐकूनही ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी संसाराचा हिशेब सांगतो. उंदीर एकटा ठेवू नये, तो झुरतो. दोन घ्यावेत, पण दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. दुकानदार हौसेने ‘जोडी’ देतो आणि तिथेच घात होतो. मादी बावीस-तेवीस दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्ले सहज होतात, आणि व्याल्यानंतर दिवसभरात ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले पाच-सहा आठवड्यांत वयात येतात. दिवाळीला आणलेल्या जोडीचे होळीपर्यंत काय होईल ते मुलालाच गणित घालून पाहा. आणि आवरेनासे झाले म्हणून ओढ्याकाठी नेऊन सोडणे हा उपाय नव्हे. तिथे पांढरा उंदीर एक रात्र काढत नाही.

लाकडाच्या वखारीतला भुसा खाली घालू नये, त्या धुळीने उंदराची छाती बिघडते. छाती हा त्याचा मुळातच कच्चा अवयव आहे. जुनी वर्तमानपत्रे फाडून घालावीत. (हे वर्तमानपत्रसुद्धा चालेल, पण सदर वाचून झाल्यावर.) पिंजऱ्याचे दोन गज अर्ध्या इंचापेक्षा जवळ हवेत आणि तळ नुसत्या जाळीचा नको, पायांना जखमा होतात. दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकडाचा तुकडा द्यावा. साफसफाई मोठ्या माणसाने करावी, कोरडे न झाडता ओल्या फडक्याने पुसून, आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

उन्हाळ्याचा विचार मात्र कुणीच करत नाही. उंदराला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीवाटे बाहेर टाकतो, आणि तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास होऊ लागतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि दुपारी वीज जाते. पत्र्याच्या घरात या प्राण्याचे हाल कुत्रा खाणार नाही.

आयुष्य दोन, फार तर तीन वर्षांचे. माद्यांना स्तनाच्या गाठी वारंवार होतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर गाय-म्हशीत मुरलेले असतात, उंदराच्या गाठीचे ऑपरेशन त्यांच्याकडून होईलच असे नाही. आठवीत आणलेला उंदीर दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर मरतो आणि पोरगे दोन दिवस जेवत नाही, हेही आईबापांनी आधी धरून चालावे.

आणि चावलाच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून चांगली पाच-दहा मिनिटे धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पिंजऱ्यातल्या उंदराच्या चाव्यासाठी रेबीजची लस सहसा लागत नाही, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. घरातल्या कॅलेंडरवर चावल्याच्या तारखेला खूण करा. त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर दवाखान्यात पाऊल टाकताच पहिले वाक्य उंदराचे सांगा, तापाचे नंतर.