वीज वाचवणारा फेज अँगल : एक महागडा गैरसमज

भोसरी असो, सातपूर असो की वाळूज, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला नवं एससीआर, म्हणजे थायरिस्टर, पॅनेल घ्यायचं म्हटलं की एक वाक्य कानावर येतंच : "फेज अँगलवालाच द्या, वीज वाचते." विक्रेता मेंटेनन्सवाल्याला सांगतो, तो मालकाला सांगतो आणि मालक ऑर्डरमध्ये लिहून मोकळा होतो. पुरावा मागितला की टाँग टेस्टर पुढे केला जातो. "हे बघा, आधी 100 अँपिअर होते, आता 50!"

आधी उष्णतेचा हिशोब बघू. 500 किलो पोलाद 850 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला सुमारे 80 युनिट लागतात. भिंतीतून, दारातून, फिक्स्चरमध्ये जाणारी उष्णता वेगळी. थायरिस्टर कुठल्याही पद्धतीने चालवा, हा आकडा हलत नाही. गॅस मंद केला म्हणून चहाचं पाणी कमी गॅसमध्ये उकळत नाही; उलट वेळ जास्त लागतो आणि तेवढी उष्णता बाहेर जास्त जाते.

मग टाँग टेस्टर काय दाखवत होता? फेज अँगलमध्ये प्रत्येक अर्ध्या लहरीचा, म्हणजे 10 मिलिसेकंदांचा, सुरुवातीचा भाग अडवून उरलेलाच भट्टीला दिला जातो. साधा टाँग टेस्टर करंटची सरासरी मोजतो आणि लहर अखंड साइन आहे असं गृहीत धरून आरएमएस आकडा दाखवतो. लहर बरोबर मधोमध कापली, की 100 अँपिअरच्या हीटरवर हा मीटर 50 दाखवतो. खरा करंट असतो 71. केबल त्या 71 नेच तापते, फ्यूजही त्यालाच उडतो. ट्रू आरएमएस मीटर लावा आणि स्वतः बघा.

याच्या जोडीला दुसरं ठाम विधान येतं : "हीटर म्हणजे निव्वळ रेझिस्टन्स, पॉवर फॅक्टर एकच." लोड रेझिस्टिव्ह आहे हे कबूल. पण सप्लायला नुसता हीटर दिसत नाही, थायरिस्टरसकट हीटर दिसतो. फेज अँगलवर निम्मी पॉवर घेतली तर पॉवर फॅक्टर 0.71, पाव घेतली तर 0.5. सूत्र सोपं आहे : पूर्ण पॉवरचा जेवढा अंश वापरता, त्याचं वर्गमूळ. हे माझं मत वाटत असेल तर रशीद यांच्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या पाठ्यपुस्तकात एसी व्होल्टेज कंट्रोलरचं प्रकरण उघडा, तिथे मधोमध कापलेल्या लहरीचं गणित सोडवून दाखवलेलं आहे.

महाराष्ट्रात याला पैशाची बाजू आहे. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर बिल येतं. 60 किलोवॅटची भट्टी फेज अँगलवर सरासरी 30 किलोवॅट घेत असेल, तर दहा तासांचे 300 केडब्ल्यूएच होतात, पण सप्लायवरचा भार 424 केव्हीएएचचा पडतो. मीटर हार्मोनिक न धरता फक्त 50 हर्ट्झचाच भाग मोजत असेल, तरी साधारण 356. वीज वाचवायला घेतलेलं पॅनेल असा उलटा हिशोब करतं, आणि त्याचा दोष मात्र टॅरिफला दिला जातो.

"कपॅसिटर बँक आहे ना!" आहे. ती 50 हर्ट्झचा मागे पडलेला भाग भरून काढते. वेडीवाकडी झालेली लहर सरळ करत नाही. निम्म्या पॉवरला करंटमधली हार्मोनिक विकृती 65 टक्क्यांच्या आसपास असते. त्यात कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरचा रेझोनन्स एखाद्या हार्मोनिकवर जुळला, तर कपॅसिटरच फुगतात. थ्री फेज फोर वायर जोडणीत तर न्यूट्रलचा करंट फेजपेक्षा जास्त होऊ शकतो, आणि आपल्याकडे न्यूट्रलची केबल बहुधा निम्म्या साइझची ओढलेली असते.

फेज अँगलला पर्याय म्हणजे बर्स्ट फायरिंग. त्यात लहर कापत नाहीत. पूर्ण सायकल सोडतात किंवा पूर्ण अडवतात, आणि स्विचिंग व्होल्टेज शून्यावर असताना होतं. कँथल किंवा नायक्रोमचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर फारसा बदलत नाही, म्हणून त्या कॉइलना हेच पुरतं. याचंही दुखणं आहे : ट्रान्सफॉर्मर लहान असेल तर दिवे लुकलुकतात, आणि चार-पाच भट्ट्या एकाच क्षणी चालू झाल्या तर झटका बसतो. त्यावर सायकल वाटून देणारे कंट्रोलर मिळतात. कॉन्टॅक्टर काढून थायरिस्टर लावल्यावर ओव्हरशूट कमी होतं आणि कॉइल जास्त टिकते, हेही खरं. "वीज वाचते" ही समजूत बहुधा तिथूनच आली असावी.

फेज अँगल टाकाऊ नाही, त्याची जागा वेगळी आहे. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचा एलिमेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स इतका कमी असतो, की करंट लिमिटसह फेज अँगल दिला नाही तर सुरुवातीलाच फ्यूज जातात. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड दिव्यांचं तेच. मध्ये ट्रान्सफॉर्मर असेल तर शून्यावरून फायरिंग हीच चूक ठरते, कारण पहिल्याच अर्ध्या सायकलला कोअर सॅच्युरेट होतो. सिलिकॉन कार्बाइडची गोष्ट आणखी निराळी. त्याचा रेझिस्टन्स वय वाढेल तसा वाढत जातो, म्हणून व्होल्टेजची राखीव जागा आधीच ठेवावी लागते आणि नुसत्या व्होल्टेजवर न विसंबता खऱ्या पॉवरचा फीडबॅक घ्यावा लागतो. तेव्हा चौकशीला आलेल्याला माझा पहिला प्रश्न असतो, एलिमेंट कसला? उत्तर बहुतेक वेळा किलोवॅटमध्ये येतं.

बाकीचे समज थोडक्यात.

"100 अँपिअरच्या हीटरला 100 अँपिअरचा थायरिस्टर." ते रेटिंग ठरावीक तापमानाला असतं. प्रत्येक फेजला अँपिअरमागे एक ते दीड वॅट उष्णता पॅनेलमध्येच सुटते, आणि भट्टीशेजारच्या बंद पॅनेलमध्ये मे महिन्यात किती अंश असतात ते दार उघडून बघा.

"व्होल्टेज रेग्युलेटर आहे, म्हणजे कमी व्होल्टेज उचलून देईल." नाही. तो फक्त अडवू शकतो. व्होल्टेज 10 टक्के पडलं की पॉवर 19 टक्के पडते. भरपाई होईल ती हाताशी राखीव पॉवर असेल तेवढीच.

"एमसीबी आहे, वेगळा फ्यूज कशाला?" शॉर्ट सर्किटमध्ये एमसीबी ट्रिप होईपर्यंत थायरिस्टर गेलेला असतो. सेमीकंडक्टर फ्यूजच हवा, आणि त्याचा आय स्क्वेअर टी थायरिस्टरपेक्षा कमी हवा.

"फायरिंग बंद, म्हणजे लाइन बंद." अजिबात नाही. बंद थायरिस्टरमधूनही गळती असते. आयसोलेटर पाडल्याशिवाय कॉइलला हात लावू नये. शिवाय थायरिस्टर बिघडतो तो बहुधा शॉर्ट होऊन, म्हणजे भट्टी पूर्ण चालू राहते आणि कंट्रोलर काहीही करू शकत नाही. त्यासाठी वेगळा थर्मोकपल, वेगळा ओव्हरटेम्परेचर कंट्रोलर आणि त्याने पडणारा कॉन्टॅक्टर लागतो. कोटेशन स्वस्त करताना सगळ्यात आधी हीच ओळ खोडली जाते.